लाकडं उचलायला जुनं यंत्र घेताय? आधी वाट मोजा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या, माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने काही वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कारखान्यातली फोर्कलिफ्ट घेतली. स्वस्तात मिळाली, रंग चकचकीत होता, दोन टन उचलते म्हणाले आणि खरंच उचलत होती. कारखान्याच्या फरशीवर. ट्रकमधून उतरवली, अंगण ओलांडून कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, शिरली आणि पहिल्याच पाटाच्या कडेला आपल्या टणक, बारीक चाकांवर रुतून बसली. ओढून काढायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणावा लागला. आता ती मांगरात उभी असते आणि रात्री तिच्यावर कोंबड्या बसतात. त्याला हसायला मला तोंड नाही. माझी फजिती पुढे सांगतोच.

यंत्र घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘किती उचलतं?’ आपल्याकडे आधी विचारायचं ते ‘जाईल कुठून?’ ओंडका जड निघाला तर करवतीने त्याचे दोन करता येतात. वाट अरुंद निघाली तर धरत्या पोफळी कोण तोडणार?

एक ते पाच एकरांची जागा, त्यात काजू, फणस, आंबा, बांधावर वाढलेली आकेशिया किंवा सुरू, घरी भाणातलं पाणी तापवायला, उकड्या भाताच्या चुलीला आणि काजूच्या दिवसांत भट्टीला लागणारं जळण, असा ज्यांचा संसार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्यांची गणितं वेगळी असतात.

पहिलं काम: स्वतःचं लाकूड तोला

काटा लागत नाही. ताजं तोडलेलं लाकूड पाण्याइतकं जड धरा, म्हणजे एक घनफूट साधारण २८ किलो. एक फूट जाडीचा, सहा फूट लांबीचा ओंडका १३० किलोच्या आसपास भरतो. तेवढ्याच लांबीचा दीड फुटी ३०० किलो आणि दोन फुटी ५३० किलो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, इथेच लोक फसतात. डोळ्याला दोन फुटी ओंडका एक फुटीच्या ‘जरा मोठा’ वाटतो.

आता आपल्या चुलीचं, भट्टीचं तोंड मोजा. चुलीत दीड फुटी तुकडा जात असेल तर तो रानातच का पाडू नये? दीड फूट जाड आणि दीड फूट लांब तुकडा ७५ किलोचा होतो, आणि उभा चिरला की एकटा माणूस उचलतो. भट्टीला लांब लाकूड लागतं, ते वेगळं. पण निव्वळ चुलीपुरतं जळण असेल तर चांगली चेनसॉ आणि एक ट्रॉली एवढ्यात भागतं का, ते आधी बघा. भागत असेल तर पैसे वाचले, पुढचं वाचायची गरज नाही.

झाड तोडायचंच असेल तर गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी आधी घ्या, स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी. यंत्र दारात आलं की हात शिवशिवतात, म्हणून हे आताच सांगून ठेवलं.

वाट मोजायची ती टेप घेऊन

पोफळीची लागवड साधारण नऊ फुटांवर असते, माडांची पंचवीस फुटांवर. पस्तीस-चाळीस एचपीचा ट्रॅक्टर पावणेसहा-सहा फूट रुंद. म्हणजे पोफळीच्या दोन रांगांतून तो सरळ गेला तरी वळत नाही. जेसीबी सव्वासात फुटांच्या पुढे, त्याचं नाव तिथे काढूच नका. माडाच्या भाटात मात्र दोन्ही फिरतात.

गडग्यातली, म्हणजे दगडी कुंपणातली, आत शिरायची जागा मोजा आणि त्यासमोर वळायला किती मोकळी जमीन आहे तेही. सरळ आत जाणं सोपं असतं; लांब ओंडका आडवा धरून वळताना खरी अडचण येते. ओंडका सहा फुटांचा असेल तर तुमचं यंत्र त्या वेळी सहा फुटांचं झालेलं असतं.

नंतर साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. आमच्या व्हाळावर जांभ्याचा जुना साकव आहे. बैलगाडी जायची, आता भरलेली जीप जाते. त्यावर साडेसात टनांचा जेसीबी घालायचं धाडस मी कधी केलं नाही आणि कोणाला करू दिलं नाही. जुन्या साकवाच्या पोटातले चिरे किती धरतील हे वरून पाहून कोणी सांगू शकत नाही. तुमच्या वाटेत साकव असेल तर त्यावरून काय जाईल, यावरच यंत्राचं वजन ठरतं.

शेवटी चढ. जांभ्याच्या सड्यावर उन्हाळ्यात चाक छान धरतं, पहिल्या पावसानंतर त्याच दगडावर शेवाळ धरलं की माणूससुद्धा घसरतो. सुदैवाने लाकूड आपण मिरगाआधी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, आत घेतो. तरी अवकाळी सर येतेच, तेव्हा चढ ओला धरूनच हिशेब करा.

मग कोणतं यंत्र?

सगळ्यात स्वस्त म्हणजे लोखंडी तिपाई आणि एक टनाची चेन पुली. एका जागी उभं राहून ओंडका ट्रॉलीत चढवायचा असेल तर याला तोड नाही. जुनी घेताना हुक बघा: तोंड उघडलेलं, पीळ पडलेलं किंवा लॅच नसलेलं असेल तर घेऊ नका. ओंडक्याला दोन टोकांकडून साखळ्या बांधून मधे हुक लावता ना, त्या दोन साखळ्यांमधला कोन जितका पसरट तितका ताण वाढतो. कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक साखळीवर अख्ख्या ओंडक्याचा भार येतो, अर्धा नव्हे. साखळी लांब घ्या, कोन ६० अंशांच्या आत ठेवा.

दुसरा पर्याय ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टचा. मागच्या तीन दांड्यांच्या जोडणीला (थ्री पॉइंटला) लोखंडी फाटे किंवा फळी जोडायची आणि ओंडके त्यावर घेऊन हळूहळू जायचं. छोट्या जागेला मी हाच सुचवतो. पंधरा ते चोवीस एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरांची लिफ्ट साधारण साडेसातशे किलो सांगितलेली असते, मोठ्यांची बाराशेपासून अठराशेपर्यंत. पण हा आकडा बहुधा लिफ्टच्या दांड्यांच्या टोकाशी धरलेला असतो. तुमचा ओंडका त्याच्याही मागे दोन फूट लोंबणार. वजन जितकं मागे, तितकं पुढचं चाक हलकं. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला नाही तर स्टिअरिंग नुसतं फिरतं, ट्रॅक्टर सरळच जातो. म्हणून कागदावरच्या आकड्याच्या निम्म्यावर थांबा आणि पुढे वजनाच्या पाट्या लावा.

तिसरा, पुढे लोडर, म्हणजे उचलणारे दांडे आणि बकेट, बसवलेला ट्रॅक्टर. समोर दिसतं, ट्रॉलीत चढवता येतं, ढीग रचता येतो. सोय मोठी आणि धोकाही. पुढे वजन घेतलं की पुढचा अ‍ॅक्सल चेपतो आणि मागची चाकं हलकी होतात. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात हे लक्षात घ्या. मागे वजन बांधल्याशिवाय लोडर चालवू नये. टू-व्हील ड्राइव्हपेक्षा फोर-व्हील ड्राइव्हचा पुढचा अ‍ॅक्सल अधिक दणकट असतो, मिळाला तर तोच बघा.

बॉबकॅट हा बुटका लोडर छोटा आणि चपळ असतो, पण चाकं घासत जागच्या जागी वळतो आणि पोफळीची वरवरची मुळं सोलून काढतो. हायड्रा (चाकांवरची क्रेन) आणि जेसीबी तासावर बोलवा. वर्षाला दोन-तीन दिवसांचं काम असेल तर कुठलंच मोठं यंत्र विकत घेण्यात अर्थ नाही. फोर्कलिफ्टबद्दल बोलून झालंच आहे.

यंत्राचा जन्म कुठे गेला, ते विचारा

विकणारा वर्ष सांगतो, तास सांगतो. मीटर बदलता येतो, म्हणून मी तासांपेक्षा कामाची चौकशी करतो. पॅडलवरचं रबर, सीट, स्टिअरिंगची झीज आणि मीटरवरचा आकडा यांचा मेळ बसतो का ते बघायचं. हजार तास म्हणतात आणि क्लचचं पॅडल गुळगुळीत झालंय, तर पुढे बोलू नका.

डिचोली, सांगे, धारबांदोडा भागात खाणीवर राबलेली यंत्रं अजून फिरत असतात. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज रद्द होऊन परत थांबल्या. त्या काळात कितीतरी लोडर वर्षानुवर्षं नुसते उभे राहिले. खाणीची लाल धूळ पिन-बुशात, म्हणजे सांध्यातल्या खिळीत आणि तिच्या कड्यात, जाऊन ग्रीसबरोबर घासण्याच्या पेस्टसारखी काम करते, आणि उभ्या यंत्राची सीलं सुकून कडक होतात. म्हणजे एकाच यंत्राला दोन्ही रोग. एअर फिल्टरच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. लाल लागलं तर इंजिनाने धूळ खाल्ली आहे.

समुद्रकाठचं यंत्र वरून रंगवलेलं असतं. खाली वाकून चॅसीचे सांधे, बोल्ट, वायरींची टोकं बघा. खारी हवा तिथूनच सुरुवात करते. चिखलणीला वापरलेला ट्रॅक्टर दिसायला बरा असतो, पण त्याच्या पुढच्या हबमध्ये आणि ब्रेकमध्ये चिखलाचं पाणी गेलेलं असण्याचा संभव मोठा. बेळगाव-कोल्हापूरकडचे ट्रॅक्टर घाट उतरून येतात, त्यातले बरेच ऊस ओढून दमलेले असतात. वाईट नसतात, पण क्लच आणि गिअर नीट तपासा.

बघायला जायचा दिवस

निम्मा दिवस राखून ठेवा. बरोबर मिस्त्री न्या आणि त्याची मजुरी द्या, फुकट आलेला मिस्त्री घाईत असतो. फोनवर विकणाऱ्याला एकच सांगायचं: आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचलात की आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर कोणीतरी सकाळीच धक्का मारून तयार ठेवलंय.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचं आणि लिफ्टचं तेल एकच असतं, त्यामुळे पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून गेलेलं पाणी थेट हायड्रॉलिकमध्ये पोचतं. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा, पाण्यावर तेलाचा तवंग नको.

थंड इंजिन सुरू होताना थोडा पांढरा धूर चालतो. तो दहा मिनिटांनीही थांबला नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर भाराखाली आला तर फिल्टर किंवा नोझल, हे त्यातल्या त्यात स्वस्त दुखणं. ऑइल टाकायचं झाकण चालू इंजिनावर उघडून बघा. तिथून फुकफुक धूर येत असेल तर मिस्त्री म्हणेल ‘बॅक कॉम्प्रेशन आहे’. म्हणजे इंजिन बांधायला आलंय. तो खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर घरी चला.

आता हायड्रॉलिक, आणि इथे माझी फजिती. मी घेतलेला पहिला लोडर सकाळी सातला बघितला. बकेट वर केली, धरून राहिली, मी खूश. घरी आणला. दोन तास काम झालं आणि बकेट आपोआप खाली यायला लागली. थंड तेल घट्ट असतं, झिजलेल्या सीलमधूनसुद्धा गळत नाही. गरम झालं की पातळ होतं आणि मग यंत्र खरं बोलतं. विकणाऱ्याने मुद्दाम सकाळची वेळ दिली होती की योगायोग, देव जाणे. ऐन आगोटीचे, पावसाआधीच्या साठवणीचे, दोन आठवडे माझे दुरुस्तीत गेले आणि तेवढं लाकूड आम्ही डोक्यावरून वाहिलं.

तेव्हा इंजिन थंड बघायचं आणि हायड्रॉलिक गरम. निदान तासभर यंत्राला काम द्या. मग दोनशे लिटरचं पिंप पाण्याने भरा, पिंपासकट साधारण २२० किलो होतं. ते साखळीने बकेटला बांधून कमरेइतकं उचला, इंजिन बंद करा, दांड्यावर खडूने खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. बोटभर उतरलं तर चालेल, वीतभर उतरलं तर आतून गळतंय. या दहा मिनिटांत कोणीही खाली किंवा जवळ जायचं नाही, खूण दुरून बघायची. मागच्या लिफ्टचीही हीच परीक्षा.

सिलिंडरचा चकचकीत रॉड पूर्ण बाहेर काढून रुमालाने पुसा. त्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवीन सील टाकलं तरी ते खड्डे त्याला पुन्हा कापतात. सील स्वस्त असतं, रॉड महाग. होज पाइपांवर भेगा, फुगे बघा, पण चालू यंत्राच्या पाइपावरून हात फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून येणारं दाबाचं तेल कातडीत शिरतं आणि हात कापायची पाळी येऊ शकते. गळती शोधायला पुठ्ठा पुढे धरा.

बकेट जमिनीवर टेकवून बाजूला हलवून बघा, पिन-बुशांत किती खेळ आहे ते कळतं. बुश बदलता येतं. भोकच अंडाकृती झालं असेल तर लेथवाल्याकडे जावं लागतं. वेल्डिंगचे सांधे कापडाने पुसून निरखा. जिथे एकाच जागी नवा रंग दिसेल तिथे खरवडा.

लोडर कंपनीचा नसून कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये बनवलेला असेल, तसे भरपूर असतात, तर त्याची चौकट कुठवर गेली आहे ते बघा. ती मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत बांधलेली हवी. नुसती पुढे इंजिनापाशी धरलेली असेल तर सगळा ताण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर येतो, आणि तिथे तडा गेला की ट्रॅक्टर मधोमध उघडायचा. त्या जोडावर ओलं तेल दिसतं का, टॉर्च मारून बघा. पुढची बाजू जॅकवर उचला आणि चाकं हाताने हलवा. लोडर वाहिलेल्या टू-व्हील ड्राइव्हमध्ये किंग पिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ, हमखास सैल झालेली असते.

शेवटी थोडा उतार शोधा आणि रिकाम्या यंत्राने ब्रेक दाबा. ब्रेकची दोन्ही पॅडल एकत्र जोडायची पट्टी आहे ना? डोक्यावर लोखंडी चौकट आहे ना? आपल्या चढावर या दोन गोष्टींशिवाय मी ट्रॅक्टर घेणार नाही, किंमत काहीही असो.

कागद

आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर यंत्रावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, फोटोवर विश्वासू नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. केए-२२ किंवा एमएच-०९ असा बाहेरचा नंबर असेल तर तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी आणायची असते. ती विकणाऱ्यानेच आणून द्यावी असं सौद्यातच ठरवा. ‘नंतर करून देतो’ म्हणणारा एजंट नंतर फोन उचलत नाही.

पैसे आणि पहिले दिवस

हाताशी असलेल्या रकमेतला चौथा हिस्सा बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्यात यंत्र शोधा. तेल, फिल्टर, दोन होज, एखादा टायर, बॅटरी हे पहिल्या महिन्यात लागतंच. घासाघीस करताना यंत्राला नावं ठेवू नका, मालकाला राग येतो. मिस्त्रीने काढलेली दुरुस्तीची यादी रकमेसकट पुढे ठेवा आणि गप्प बसा.

यंत्र घरी आलं की सगळी तेलं आणि फिल्टर बदला, आधीच्या मालकाने ‘आताच बदललंय’ म्हटलं असलं तरी. पहिले काही दिवस सपाट अंगणात त्याच पाण्याच्या पिंपावर हात बसवा. ओझं नेताना ते गुडघ्याच्या उंचीवर, वर उचलून नाही. समोर लोडरमध्ये ओझं असेल तर चढ सरळ चढा आणि उतरताना मागे मागे उतरा, म्हणजे ओझं कायम चढाकडे राहतं. मागच्या लिफ्टवर ओझं असेल तर बरोबर उलट: चढ मागे मागे चढायचा आणि उतार सरळ उतरायचा. उतारावर आडवं कधीच जाऊ नका. वर वीजतारा कुठे लोंबतात ते आधी फिरून बघून ठेवा, माडांच्या आड त्या दिसत नाहीत. आणि घरातली पोरं बकेटमध्ये बसून फेरी मागतील, त्यांना सरळ नाही म्हणायचं.

मिरग लागला की काम थांबतं. त्याआधी सगळ्या ग्रीस निपलांत नवं ग्रीस जुनं बाहेर येईपर्यंत भरा. बकेट जमिनीवर टेकवा, सिलिंडरचे रॉड जितके आत जातील तितके आत घ्या आणि जो भाग बाहेर राहील त्याला ग्रीस फासा. बॅटरीची तार काढून ठेवा. ताडपत्री वरून घाला, पण खालून गुंडाळू नका, आत घाम धरतो. आणि महिन्यातून एकदा, उघडीप बघून, बॉनेट उचला. तोवर उंदरांनी वायरी बघितलेल्या असतात.